वाकडी सरळ निघाली

तीर्थरूप ताईच्या पायांशी,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (डोक्यावरचे केस गेले म्हणून कुणी थोरला होत नाही. मी अजून धाकटाच आहे, आणि वाकताना कंबरेत जी कळ आली ती जन्मभर उभ्याने केस कापल्यामुळे, वयामुळे नव्हे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं असेल तर चढू नकोस, आणि चढलीसच तर निदान मला कळवू नकोस, इकडे जीव टांगणीला लागतो. भाऊजींचा खोकला बसला का? त्यांचे केस तिकडे कोण कापतं देव जाणे, पण जो कोणी कापतो त्याला म्हणावं, भांग डावीकडेच ठेव. की उजवीकडे? बघ, एवढी वर्षं त्यांचे केस कापले, पण मला त्यांचा भांग आठवतो तो आरशातला. आपल्या धंद्यात हे असंच होतं. गिऱ्हाईक रस्त्यात समोरून आलं की मी ओळखत नाही, आणि लोक म्हणतात याला शिष्टपणा चढला. अरे बाबांनो, शिष्टपणा कसला, तुम्ही सरळ आलात म्हणून चुकलं, उलटे आला असता तर नावानिशी हाक मारली असती. (हे जरा लक्षात ठेव. पुढे कामाला येणार आहे.)

आता मुख्य गोष्ट. ताई, आपण जिंकलो. पणजोबा चोर नव्हते. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पत्राचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, तेव्हा तुला हवं ते पहिल्याच पानावर दिलेलं बरं. पण म्हणून बाकीचं पत्र उशाखाली सारायचं नाही. मी उन्हातान्हात किती फिरलो, कुणाकुणाकडून काय काय ऐकून घेतलं, हे सगळं तुला ओळीने वाचावं लागेल. निकाल असा फुकट मिळत नसतो.

सुरुवात झाली ती आपल्या चुलतभावाच्या, म्हणजे वकीलदादाच्या, नव्या घरात. (भाऊजींना पुन्हा एकदा सांग की वकीलदादा वकील नाही, कोर्टात टंकलेखक होता. पण जन्मभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करून त्याला आता आपलं प्रत्येक मत निकालपत्रच वाटतं.) त्याने सगळ्या घराण्याला जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, माणसं सुस्तावली, आणि कोणीतरी कोऱ्या भिंतीकडे बघत म्हणालं, इथे ती वाकडी टांगली तर काय शोभेल. झालं. वकीलदादाने हात पुसले, घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं की माझ्या भिंतीवर चोरीचा माल लागणार नाही.

वाकडी कशी आहे हे तुला सांगायला नको. पण हे पत्र भाऊजी वाचणारच, आणि त्यांनी तिच्याकडे कधी धड पाहिलेलं नाही, म्हणून लिहितो. गजाने वाजवायचं वाद्य आहे. पोट फुगीर, मान आखूड, खुंट्या पाच, त्यातल्या तीन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या. मानेच्या टोकाला लाकडात कोरलेला एक पक्षी, तोंड उजवीकडे वळवून बसलेला, रुसल्यासारखा. उजवा खांदा छान गोल आणि डावा मात्र उतरता, जणू कोणी तिरका कापून टाकला आहे. म्हणून तर नाव वाकडी. बनवणाऱ्याचं नाव कुठेही नाही. बाहेर कोरलेलं नाही, आत चिठ्ठी चिकटवलेली नाही. पणजोबांकडून आजोबांकडे आली, आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून दुकानाबरोबर माझ्याकडे. कुठली, कोणाची, कोणत्या जातकुळीची, याचा पत्ता नाही.

आणि वकीलदादाचा खटला नेमका याच मुद्द्यांवर उभा. पहिला मुद्दा, बनवणाऱ्याचं नाव नाही. दुसरा, पाठीवर एक खरवडलेला डाग आहे, म्हणजे नाव होतं आणि ते कोणीतरी मुद्दाम खरवडून काढलं. आणि तिसरा, ज्याच्यापुढे आपण सगळे आजवर गप्प बसलो, तो म्हणजे बाबांचं वाक्य. बाबा नेहमी सांगायचे, "पणजोबांनी वाकडी आरशातून काढली." एवढंच. त्यांनाही आजोबांनी एवढंच सांगितलं होतं. आता आपल्या घरात आरसा म्हणजे काय ते तुला माहीत आहे. (भाऊजी, आमच्या दुकानातल्या मोठ्या आरशाच्या मागे कपाट आहे. गिऱ्हाईक छत्री विसरलं, चष्मा विसरलं, की ते त्यात जातं, आणि आम्ही घरात त्या कपाटाला सरळ आरसाच म्हणतो. 'काकांची छत्री आरशात आहे' हे वाक्य आमच्याकडे कोणालाही खटकत नाही.) तेव्हा वकीलदादाचा युक्तिवाद असा, की कोणी गिऱ्हाईक आपलं वाद्य दुकानात विसरलं, पणजोबांनी ते आरशात ठेवलं, आणि मालक परत आला नाही तशी हळूच आरशातून काढून घरी आणलं. नाव खरवडलं. प्रकरण मिटलं. आता तरी ती वस्तू जुन्या बाजारात देऊन घराणं मोकळं करा, असा आदेश देऊन साहेब बडीशेप चघळत बसले.

ताई, मला राग आला तो माझ्यासाठी नाही. मला जुन्या दुपारी आठवल्या. तू परकराच्या वयाची, दुकानाच्या बाकावर वाकडी घेऊन बसायचीस, आणि बाबा वस्तरा पट्ट्यावर परजता परजता मधेच थांबून ऐकायचे. शाळेतले गाण्याचे मास्तर तुझ्या हातातला गज काढून दुसऱ्या हातात देत, तिथे ती किंचाळायची, आणि घरी येऊन तू पुन्हा आपल्या मनासारखी धरलीस की गायला लागायची. आणि मग एक दिवस थोरले काका, म्हणजे या वकीलदादाचे वडील, दाढीला आले आणि फेसातून म्हणाले की चोरीच्या वस्तूवर पोरीला कशाला बसवतोस. बाबांनी 'आरशातून काढली' एवढंच पुन्हा सांगितलं, आणि काका हसले. तू उठलीस. वाकडी कपाटावर ठेवलीस आणि त्यानंतर तिला हात लावला नाहीस. तुझा कधी कोणी अपमान केला तर तू भांडतेस, हे मी पाहिलेलं आहे, अनुभवलेलंही आहे. त्या दिवशी तू भांडली नाहीस, म्हणजे तुला ते खरं वाटलं. ते मला एवढी वर्षं सलत होतं.

तेव्हा मी उठलो आणि सर्वांदेखत प्रतिज्ञा केली, की वाकडी कोणाची आणि कुठली हे सिद्ध करेपर्यंत दाढी करणार नाही. (ती कोणाच्या दाढीबद्दल होती यावर मागाहून थोडा गोंधळ झाला. काही गिऱ्हाइकांना वाटलं मी दुकानच बंद करतोय. माझी स्वतःची, असा खुलासा मला फळ्यावर लिहून लावावा लागला.) टाळ्या पडल्या. घरी येताना तुझी भावजय म्हणाली की दुसरी कुठली प्रतिज्ञा सुचली नाही का. पण आता शब्द गेला तो गेला. ताई, दाढी वाढलेला न्हावी बघून गिऱ्हाईक कसं बिचकतं ते तुला सांगून कळणार नाही. दारापर्यंत येत, माझ्याकडे बघत, आणि 'नंतर येतो' म्हणून सटकत. एका आजोबांनी तर माझ्याकडे अत्यंत दयेने बघून विचारलं, घरात कोण गेलं?

पहिल्यांदा मी गेलो जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडे. गृहस्थ गोड बोलतो. त्याने वाकडी उलटीपालटी केली, टिचकी मारली, हुंगली (खरंच हुंगली) आणि म्हणाला की नाव नाही म्हणजे गाव नाही. मात्र हिच्या पोटात दिवा बसवला तर दिवाणखान्यात कोपरा उजळेल, आणि मनात असेल तर मी आत्ता ठेवून घेतो. मी तिला उचललं आणि बाहेर पडलो. पणजोबांच्या पोटात दिवा लावल्यासारखं वाटलं मला ते.

मग गेलो वाद्यं दुरुस्त करतो त्याच्याकडे. हा माणूस मला आवडला, कारण तो बोलण्याआधी बघतो. त्याने दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आत घातला, बारीक दिवा घातला, आणि बराच वेळ हं हं करत राहिला. मग त्याने सांगितलं की ही तुमची बाई मोठी चमत्कारिक आहे. जाड तार जिथे हवी तिथे बारीक तारेची खाच, आणि बारीकच्या जागी जाड तारेची. सगळ्या अंगावर कुठल्यातरी फार धारदार, फार पातळ पात्याचे ओरखडे, रंधा किंवा पटाशी लागलेलीच नाही. आणि पोटात वरच्या फळीला आधार म्हणून साधी काडी असते, तिथे काडी नाही, एक जाडसर बुटका दांडा आहे, मधे फुगलेला आणि दोन वळी कोरलेला. असा दांडा त्याने जन्मात पाहिला नव्हता. मी विचारलं, म्हणजे ही एखाद्या मोठ्या उस्तादाची गुप्त खूण तर नव्हे? तो म्हणाला, असेलही. ताई, मी त्या दिवशी रस्त्याने छाती फुगवून चाललो. दोन वळ्यांचा उस्ताद! घरी येऊन मी तुझ्या भावजयीला सांगितलं की आपल्या घरात अज्ञात महापुरुषाची कृती आहे, आणि ती म्हणाली की महापुरुषाला सांगा, साबण संपलाय.

त्या दुरुस्तीवाल्यानेच मला संग्रहालयात पाठवलं. तिथे वाद्यांचं दालन सांभाळणाऱ्या बाई आहेत. चष्मा केसांत, पेन कानामागे, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने शाळेची वही काढावी. मी वाकडी टेबलावर ठेवली मात्र, त्यांचे डोळे लकाकले. त्या मला हात धरून आतल्या काचेच्या कपाटापाशी घेऊन गेल्या. ताई, तिथे वाकडीची बहीण उभी. तीच फुगीर पोटाची, तीच आखूड मानेची, तोच रुसका पक्षी. फिरस्ते वादक खांद्याला अडकवून गावोगाव नेत असत म्हणे. त्या वाद्याचं नाव बाईंनी सांगितलं ते मी चारचौघांत उच्चारू शकत नाही, दाताची कवळी पुढे येते. मी म्हणालो, सापडली. आणि बाई म्हणाल्या, नाही.

कारण नीट बघितलं तर त्यांच्या पक्ष्याचं तोंड डावीकडे, आपल्याचं उजवीकडे. त्यांचा उजवा खांदा उतरता, आपला डावा. त्यांच्या तीन खुंट्या डावीकडे, आपल्या उजवीकडे. बाईंनी सांगितलं की असली वाद्यं त्यांनी कितीतरी पाहिली, पण एकही या बाजूची नाही, आणि ज्या लोकांत ती बनत त्यांत डाव्या हाताच्या वादकालासुद्धा उजव्यानेच शिकवत. शिवाय पोटातला तो दांडा कोणत्याच घराण्याचा नाही. तेव्हा ही त्या जातीची म्हणता येत नाही, कुठल्याच जातीची म्हणता येत नाही, आणि खोटं लिहून देणं त्यांना जमणार नाही. बाई भल्या होत्या, त्यांनाही वाईट वाटलं, त्यांनी मला पाणी दिलं. मी वाकडी खोळीत घातली आणि चालत घरी आलो. उस्ताद वगैरे काही नाही, ओळख नाही, नाव नाही. डोळ्यांपुढे वकीलदादाचा चेहरा. त्याला मी हरलो हे सांगायचं, आणि तुला तर सांगायचंही नाही, कारण तुला मी हे सगळं कळवलंच नव्हतं. सिद्ध झालं असतं तरच कळवणार होतो.

मी आठवडाभर कोणाशी धड बोललो नाही. मग एका दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि तुझ्या भावजयीला म्हटलं, बस झालं. वाकडी त्या दिवेवाल्याला देऊन टाक, मी ही दाढी काढतो, आणि विषय संपवू. तिने वाकडी खोळीतून काढली, धूळ पुसली, आणि जायच्या आधी कडेवर घेतल्यासारखी घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी माझ्याच खुर्चीत गिऱ्हाईक होऊन बसलो, गळ्याशी फडकं बांधलं, फेस केला, गालाला लावला. एका बाजूने वस्तरा फिरवला. ब्रश पुन्हा फेसात बुडवला आणि आरशात पाहिलं. (कोणी आधी पाहिलं हा प्रश्न गौण आहे.)

आरशात तुझी भावजय उभी होती आणि तिच्या हातात संग्रहालयातली वाकडी होती. पक्ष्याचं तोंड डावीकडे. उजवा खांदा उतरता. तीन खुंट्या डावीकडे. मी मागे वळून पाहिलं, आपली. आरशात पाहिलं, त्यांची. पुन्हा वळलो, पुन्हा पाहिलं. मान लचकली. आणि मग माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. हातात दाढीचा ब्रश. पणजोबांपासून आपण ज्या धाटणीचे ब्रश वापरतो तो, लाकडी मुठीचा. मधे फुगलेली मूठ. दोन वळी.

ताई, दोन वळ्यांचा उस्ताद मी हातात धरून बसलो होतो. जन्मभर रोज धरला आणि ओळखला नाही.

मग सगळं भडाभडा उलगडत गेलं. पणजोबा इथेच, या आरशासमोर उभे. मागे बाकावर बाई म्हणाल्या तसला एखादा फिरस्ता वादक, कामधंदा नसला की दुकानात येऊन वाजवत बसणारा. पणजोबा वळून बघणार कसे? गळ्यावर वस्तरा ठेवून जो न्हावी मागे वळून बघतो त्याला दुसऱ्या दिवशी दुकान उघडावं लागत नाही. त्यांनी बघितलं ते आरशात. रोज, गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून, आरशात. पक्षी आरशात, खुंट्या आरशात, खांदा आरशात, वादकाच्या हातातला गजसुद्धा आरशात, म्हणजे उलट्या हातात. आणि मग त्यांनी ती स्वतः बनवली. पटाशी नव्हती, वस्तरा होता. ताई, त्यांनी त्या लाकडाची दाढी केली आहे. पाठीवरचा तो डाग म्हणजे खरवडलेलं नाव नव्हे, लाकडात गाठ आहे आणि गाठीवर वस्तरा अडखळला आहे, गालावरच्या तिळाशी अडखळतो तसा. जे आरशात दिसलं ते त्यांनी हुबेहूब केलं. पोटातलं दिसलं नाही, तिथे हाताशी होतं ते कापून बसवलं. नाव घातलं नाही, कारण बाहेर दारावर पाटी होती की, आत आणखी कशाला?

पणजोबांनी वाकडी आरशातून काढली. काढली, ताई. तू जन्मभर शाळेत पोरांना चित्रं काढायला शिकवलीस, तुला तरी कळायला हवं होतं. चित्र काढतात तशी काढली. आणि आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या कपाटाचं दार उघडून बसलो.

मी तसाच तोंडावरचा फेस पुसला आणि संग्रहालयात धावलो. शिपाई आत सोडेना (का ते पुढे कळेल), तेव्हा बाहेरूनच बाईंना हाक मारली. बाई आल्या, माझ्याकडे बघून दचकल्या, पण ऐकून घेतलं. मग त्यांनी हात धुवायच्या खोलीतला आरसा भिंतीवरून काढवला, वाकडीसमोर धरला, एकदा इकडे बघितलं, एकदा काचेच्या कपाटाकडे, आणि मटकन खुर्चीत बसून एवढ्या हसल्या की चष्मा केसांतून खाली पडला. मग डोळे पुसून त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तारा काढल्या, उलट्या क्रमाने लावल्या, ब्रशच्या मुठीचं मोजमाप घेतलं, ओरखडे भिंगाखाली पाहिले, आणि लिहून दिलं की हे वाद्य त्याच जातीचं असून आरशातील प्रतिमेवरून, वस्तऱ्याने, एका न्हाव्याने घडवलेलं आहे. 'बहुधा' असा एक शब्द मधे घातलाय. त्या शिकलेल्या बाई आहेत, त्यांना घालावा लागतो. तू तो वाचू नकोस.

वकीलदादाला मी निरोप पाठवला की निकाल लागला, दुकानात ये. तो आला. (त्या जेवणानंतर तो केस दुसरीकडे कापून घेऊ लागला होता. मानेवर पायऱ्या पडल्या आहेत.) मी त्याला खुर्चीत बसवलं, फडकं बांधलं, फेस लावला, वस्तरा गळ्यावर ठेवला आणि मग हकीकत सांगायला घेतली. गळ्यावर वस्तरा असला की माणूस फार लक्ष देऊन ऐकतो, हरकती घेत नाही. तुझी भावजय मागे वाकडी धरून उभी. मी म्हटलं, आता वळू नकोस, आरशात बघ. त्याने बघितलं. संग्रहालयातलं चित्र बाईंनी दिलं होतं ते मी आरशाशी धरलं. त्याने एकदा चित्राकडे बघितलं, एकदा आरशाकडे. मग हळूच म्हणाला, "काढली म्हणजे... काढली?"

"हो. काढली."

मला वाटलं आता फेरतपासणी सुरू होणार. पण तो म्हणाला, "ताईला कळवलंस का रे?" आणि डोळे मिटून घेतले. मी त्याच्या मानेवरच्या पायऱ्या सारख्या करून दिल्या. जाताना दारातून म्हणाला, भिंत अजून कोरी आहे. मी म्हटलं, तुझी भिंत तशीच राहू दे.

असा हा विजय. आता गावभर मान ताठ करून फिरतो. (लचकल्यामुळे ती तशीही ताठच आहे.) प्रतिज्ञेचं म्हणशील तर ओळख पटली, तेव्हा दाढीच्या विषयावर जास्त लिहीत नाही. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा विजयी धाकटा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिलीच. वाकडी वाजेना. बाईंनी ओळखीचे वादक आणले, दुरुस्तीवाल्याने स्वतः गज घासून पाहिला, पण उजव्या हाताच्या माणसाला ती दाद देत नाही, आणि गज डाव्यात धरला की त्यांचा हात लाकूड होतो. तेव्हा बाई हळहळल्या की हिचा आवाज कळायला हवा होता. आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं की माझी बहीण जन्माची डावखुरी आहे, तिने ही लहानपणी वाजवली आहे, ती येईल आणि संग्रहालयात सगळ्यांसमोर वाजवेल. बाईंनी लगेच खुर्च्या मांडायचा दिवस ठरवला. वकीलदादाने पहिल्या रांगेतली जागा धरली. मास्तर तुझा हात चुकीचा ठरवत होते, हात बरोबर होता. आता शब्द देऊन बसलोय, तर ये. संग्रहालयाला जिना नाही, मी बघून आलो.

ता. क. आणखी एक. बाई वाकडी काचेच्या कपाटात मागताहेत. मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो.

ता. क. वर मी 'आरशात पाहिलं' असं लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. तुझी भावजय "अहो, आरशात बघा" म्हणाली, त्यानंतर मी आरशात पाहिलं.

*

वन्सं, सप्रेम नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून या चार ओळी. मुठीचं मी बोलले नाही, ते त्यांनी स्वतःच ओळखलं, एवढं त्यांचं श्रेय त्यांना द्या. काचेच्या कपाटाचं विचारू नका, त्या बाईंना मी नाही म्हणून सांगून टाकलंय. वाकडी तुमची आहे. नवी खोळ शिवली, डाव्या खांद्याकडून उघडते, तुमच्या हाताला सोपी पडेल.

आता दाढीचं ऐका. त्या दिवशी एका बाजूने वस्तरा फिरला तेवढाच. दुसरी बाजू तशीच आहे. संग्रहालयात तसेच गेले, वकीलदादांची दाढी तशाच तोंडाने केली, दुकानात तसेच उभे राहतात. म्हणतात, अर्धं सिद्ध झालं म्हणून अर्धी काढली, ताई वाजवेल तेव्हा उरलेली. मी खूप सांगून पाहिलं. रात्री मात्र मला म्हणाले, ती नाही आली तर? तेव्हा गुडघा बांधून या, पण या. आरशात बघितलं तर डावा गाल, समोरून बघितलं तर उजवा, कुठूनही बघितलं तरी माणूस अर्धाच दिसतो, आणि मला तो पुरा हवाय.